टाके डॉक्टरांचे, शुश्रूषा घरची

कुत्र्याचं ऑपरेशन झालं, तो शुद्धीवर आला आणि गाडीत बसून घरी आला, की घरातले सुटकेचा निःश्वास टाकतात. बहुतेक वेळा तो योग्यही असतो. गिनी पिगच्या बाबतीत मात्र हा निःश्वास दोन-तीन दिवस राखून ठेवावा लागतो. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात शंभराहून अधिक पशुवैद्यकीय दवाखान्यांनी भूल दिलेल्या प्राण्यांच्या नोंदी ठेवल्या. २००८ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भुलीच्या दरम्यान किंवा त्यानंतरच्या ४८ तासांत दगावणाऱ्या कुत्र्यांचं प्रमाण ०.१७ टक्के होतं, मांजरांचं ०.२४ टक्के. गिनी पिगचं प्रमाण होतं ३.८ टक्के. हजार कुत्र्यांमागे दोन, तर हजार गिनी पिगमागे अडतीस! यात धडधाकट आणि आधीपासून आजारी असे दोन्ही प्राणी आले, हे खरं. तरी फरक डोळ्यांत भरण्यासारखाच आहे.

याच पाहणीतली सशांची आकडेवारी आणखी काही सांगते. गिनी पिगसारखंच सतत चरणाऱ्या या प्राण्यातले ६४ टक्के मृत्यू ऑपरेशनच्या टेबलावर झालेच नव्हते. ते नंतर झाले, कात्री-चिमटे बाजूला ठेवल्यावर.

मुंबई-पुण्यातल्या फ्लॅटमध्ये गिनी पिग आता नवखा राहिलेला नाही. कुत्र्याला सोसायटीचा विरोध, मांजराला आजीचा, म्हणून मुलाच्या हट्टापायी मधला मार्ग काढत तो घरी येतो. जेमतेम किलोभर वजनाचा, न चावणारा, फ्रिजचं दार उघडलं की शिट्टी वाजवून कोथिंबीर मागणारा. नीट सांभाळला तर पाच ते आठ वर्षं जगतो, आणि एवढ्या वर्षांत कधीतरी ऑपरेशनची वेळ येऊ शकते. मूत्राशयात कॅल्शियमचा खडा होतो. वयानं वाढलेल्या माद्यांच्या अंडाशयात पाण्याच्या गाठी होतात, त्या फार आढळतात. कातडीखाली गाठ येते, मानेखाली गळू होतं. दातांचं दुखणं तर वेगळंच. गिनी पिगचे वीसच्या वीस दात, दाढांसकट, जन्मभर वाढत राहतात. चरबट गवत चावून ते झिजले नाहीत, तर खालच्या दाढा आत कलून जिभेवर कमान धरतात. मग समोर हिरवागार चारा असूनही तो गिळता येत नाही आणि भूल देऊन दाढा घासाव्या लागतात.

यातलं कोणतंही ऑपरेशन असो, घरी आल्यावरचं पहिलं काम एकच असतं: पोट चालू ठेवणं.

उपास चालत नाही

गिनी पिगचं पोट विश्रांतीसाठी बनलेलंच नाही. लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर सीकम नावाची एक मोठी पिशवी असते. पचनमार्गातल्या एकूण ऐवजाचा निम्म्याहून अधिक भाग एकट्या या पिशवीत असतो. तिथे अब्जावधी जंतू गवतातले तंतू आंबवतात आणि त्यातून गिनी पिगला ताकद मिळते. ही भट्टी धगधगती राहायची, तर वरून तंतुमय चारा सतत पडत राहावा लागतो. निरोगी गिनी पिग दिवसा आणि रात्रीही थोड्या थोड्या वेळानं खात असतो, ते यासाठीच.

ऑपरेशननंतर भुलीची गुंगी, वेदना आणि भीती या तिन्हींमुळे तो खाणं सोडतो. चारा पडला नाही की आतड्यांची हालचाल मंदावते. हालचाल मंदावली की आतला ऐवज सुकतो, गॅस धरतो, पोट फुगतं. फुगलेलं पोट दुखतं आणि दुखऱ्या पोटानं तो आणखीनच खात नाही. सहसा त्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे तोही मार्ग बंद. दुसरीकडे, उपाशी शरीर अंगावरची चरबी वितळवू लागतं आणि ती यकृतात साचते. लठ्ठ गिनी पिगला हा धोका अधिक. बारा तास काहीच खाल्लं नाही म्हणजे डॉक्टरांना फोन करण्याची वेळ झाली. सकाळपर्यंत वाट पाहू, असं म्हणण्यात एक दिवस गेला, तर गाडी रुळावर आणणं अवघड होतं.

म्हणून आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवण्याचा कुत्र्या-मांजरांचा नियम इथे लागू होत नाही. गालात घास राहून तो श्वासनलिकेत जाऊ नये, यासाठी डॉक्टर थोडा वेळ खाणं थांबवतील किंवा तोंड धुऊन घेतील, तेवढंच. दवाखान्यात नेताना डब्यात त्याच्या ओळखीचं गवत ठेवावं. शुद्धीवर आल्यावर समोर तेच दिसलं, तर बरेचसे गिनी पिग काही तासांत तोंड हलवू लागतात.

भरवण्याचं तंत्र

तोंड हलवलं नाही, तर भरवावं लागतं. आपल्याकडे आजारी माणसाला मऊ भात, पेज, दूध-पोळी देण्याची रीत आहे. तोच हात गिनी पिगकडे वळतो आणि तिथेच घात होतो. पिष्टमय आणि गोड पदार्थांनी सीकममधल्या जंतूंचा तोल बिघडतो, दूध तर मुळीच चालत नाही. त्याच्या आजारपणातलं पथ्याचं खाणंही गवताचंच. ‘क्रिटिकल केअर’ या नावानं मिळणारी, गवताच्या बारीक भुकटीपासून केलेली पूड जगभरचे पशुवैद्य वापरतात. भारतात ती ऑनलाइन किंवा अशा प्राण्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे मिळते, पण ऐन वेळी मिळेलच असं नाही. ऑपरेशनची तारीख ठरली की आधी ही पूड घरात आणून ठेवावी. नाहीच मिळाली, तर त्याच्या रोजच्या खाद्यगोळ्या कोमट पाण्यात भिजवून, कुस्करून, चाळणीतून काढूनही वेळ निभावता येते.

प्रत्यक्ष भरवणं दिसतं तितकं सोपं नाही. एक मिलिलिटरची, अर्थातच सुई काढलेली सिरिंज घ्यायची. घट्टसर मिश्रण टोकात अडकतं, म्हणून काही जण टोक किंचित कापून कड घासून गुळगुळीत करतात. गिनी पिगला मांडीवर टॉवेलमध्ये गुंडाळून, पण चार पायांवर बसलेल्या स्थितीतच ठेवायचं. उताणं कधीही करायचं नाही. एक हात छातीखाली, म्हणजे तो मागे सरकला तरी पोटाशी टेकतो. पुढचे पटाशीचे दात आणि दाढा यांच्यामध्ये एक मोकळी जागा असते. सिरिंज समोरून न घालता ओठाच्या कोपऱ्यातून त्या फटीत सरकवायची आणि थेंब-दोन थेंब सोडून थांबायचं. जबडा गोल गोल फिरू लागला, गळा हलला, की पुढचा घास. जबडा फिरत नसेल, तर मिश्रण तोंडातच साठतं. अशा वेळी आणखी दाबलं, तर ते फुप्फुसात जाऊ शकतं. पहिले दोन-तीन घास हनुवटीवरून टॉवेलवरच येतात. पुसून घ्यायचं आणि पुन्हा सुरू करायचं.

किती द्यायचं, हे डॉक्टर वजनावरून सांगतात. अजिबात न खाणाऱ्या प्राण्यासाठी किलोमागे दिवसाला साधारण ५० ते ८० मिलिलिटर तयार मिश्रण धरलं जातं. नऊशे ग्रॅमच्या गिनी पिगला म्हणजे ४५ ते ७० मिलिलिटर, आणि तेही पाच-सहा वेळांत वाटून. एका वेळेला दहा-बारा मिलिलिटर, म्हणजे एक मिलिलिटरच्या सिरिंजनं दहा-बारा फेऱ्या. एका बैठकीला अर्धा तास सहज जातो. पहिल्या दोन रात्री गजर लावून उठावं लागतं. दोघंही नोकरीला जाणाऱ्या घरात कोणी कधी रजा घ्यायची, हे ऑपरेशनच्या आधीच ठरलेलं बरं.

पोट आधीच फुगून नगाऱ्यासारखं टणक झालेलं असेल, तर मात्र भरवायला बसू नये. आधी दवाखाना गाठावा.

न बोलणारा रोगी

गिनी पिगचं मूळ घर दक्षिण अमेरिकेतला अँडीज पर्वत. पेरू, बोलिव्हिया, इक्वाडोर या भागात माणसानं हजारो वर्षांपूर्वी तो पाळला, तोही खाण्यासाठी. तिथे आजही तो खाल्ला जातो. रानातल्या त्याच्या भाऊबंदांवर घारी-गरुडांपासून कोल्ह्यांपर्यंत सगळ्यांचा डोळा. कळपात जो लंगडतो किंवा मलूल दिसतो, तो आधी टिपला जातो. त्यामुळे दुखणं लपवणं त्याच्या हाडीमासी भिनलेलं आहे. तो विव्हळत नाही, लंगडा पाय पुढे करत नाही. फार तर कोपऱ्यात अंग चोरून बसतो. केस फुललेले, डोळे अर्धे मिटलेले, मधूनच दात खाल्ल्याचा करकर आवाज. पिशवीचा आवाज झाला तरी शिट्टी नाही. ‘शांत झोपलाय’ असं वाटणारा गिनी पिग बरेचदा वेदनेनं गप्प असतो.

म्हणून नजरेवर विसंबण्यापेक्षा मापं घ्यावीत. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा, त्यावर एक टोपली आणि रोज ठरावीक वेळी एक नोंद, इतकं पुरतं. नऊशे ग्रॅमच्या प्राण्याचं वजन पाच-दहा ग्रॅमनी वरखाली होणं रोजचंच. पन्नास ग्रॅम उतरले, तर भरवणं वाढवून डॉक्टरांना कळवावं. नव्वद ग्रॅम, म्हणजे दहावा हिस्सा गेला, तर तो तातडीचा मामला.

दुसरी नोंद लेंड्यांची. निरोगी गिनी पिगच्या लेंड्या एकसारख्या, लांबट, गुळगुळीत आणि संख्येनं भरपूर असतात. ऑपरेशननंतर त्या कमी होतात, हे अपेक्षितच. पण त्या बारीक, कोरड्या, एका टोकाला निमुळत्या होऊ लागल्या, तर आत पुरेसं पोचत नाही असं समजावं. मऊ, दुर्गंधी किंवा पाण्यासारखी शी झाली, तर तो जंतूंचा तोल बिघडल्याचा इशारा. अंथरूण पांढरं किंवा फिकट रंगाचं ठेवलं, तर लघवीतलं रक्तही पटकन दिसतं. खड्याच्या ऑपरेशननंतर पहिले काही दिवस लघवी थोडी गुलाबी असू शकते. कुंथूनही लघवी होत नसेल, तर थांबू नये.

वेदनाशामकांबाबत घरोघरी एक गैरसमज आढळतो. ‘बरा दिसतोय, उगाच औषध कशाला’ म्हणून दुसऱ्याच दिवशी बाटली कपाटात जाते. तो बरा दिसत असतो, तो त्या बाटलीमुळे. वेदना परतली की खाणं थांबतं आणि वर सांगितलेलं सगळं चक्र पुन्हा फिरू लागतं. अशा वेळी पशुवैद्य मेलॉक्सिकॅमसारखं औषध वजनानुसार थेंबांच्या हिशेबात देतात, मोठ्या ऑपरेशननंतर ब्यूप्रेनॉर्फिनही. घरातली माणसांची गोळी मोडून तिचा ‘छोटासा तुकडा’ देणं हा उपाय नव्हे.

कपाटातलं जीवघेणं औषध

त्याहून मोठा धोका प्रतिजैविकांचा. २५ मे १९४० रोजी ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी यांनी आठ उंदरांना जीवघेण्या जंतूंची लागण करून त्यातल्या चारांना पेनिसिलिन टोचलं. औषध मिळालेले उंदीर वाचले, बाकीचे मेले आणि वैद्यकशास्त्राचं नवं पर्व सुरू झालं. फ्लोरींनी त्या दिवशी उंदरांऐवजी गिनी पिग घेतले असते, तर चित्र वेगळं दिसलं असतं. कारण तीनच वर्षांनी, १९४३ साली, पेनिसिलिन गिनी पिगला मारक ठरतं हे प्रसिद्ध झालं.

दोष थेट औषधाचा नसतो. सीकममधले उपयोगी जंतू या औषधानं मरतात, मोकळ्या झालेल्या जागी क्लॉस्ट्रिडियम जातीचे जंतू माजतात आणि त्यांच्या विषानं काही दिवसांत गिनी पिग दगावतो. पेनिसिलिनच्या कुळातली अमॉक्सिसिलिन आणि अँपिसिलिन, शिवाय क्लिंडामायसिन ही औषधं तोंडावाटे दिली, तर हीच गत होते. अमॉक्सिसिलिनचं लहान मुलांचं सरबत आपल्याकडे जवळपास प्रत्येक घराच्या औषधाच्या डब्यात उरलेलं असतं. जखम लाल दिसली म्हणून त्यातले चार थेंब पाजणं महागात पडतं. एन्रोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम आणि सल्फाची जोडी ही गिनी पिगसाठी सहसा वापरली जाणारी औषधं. त्यांनीही भूक मंदावली, तर डॉक्टरांना सांगावं. टाक्यांवर हळद, मलम, घरातलं जंतुनाशक असं काहीही स्वतःच्या मनानं लावू नये. लावलेलं सगळं चाटून पोटातच जातं.

गावातले पशुवैद्य गाई-म्हशी आणि कुत्र्यांवर उपचार करण्यात मुरलेले असतात. गिनी पिग त्यांच्यासमोर क्वचितच येतो. त्यामुळे ऑपरेशनला होकार देण्याआधी चार गोष्टी विचारून घेण्यात संकोच नसावा: याआधी गिनी पिगला भूल दिली आहे का, वेदनेसाठी काय देणार, प्रतिजैविक कोणतं आणि भूल उतरेपर्यंत ऊब कशी देणार? चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही.

जखम भरण्याचं जीवनसत्त्व

नॉर्वेचे आक्सेल होल्स्ट आणि थेओडोर फ्रोलिक हे दोघं खलाशांना होणाऱ्या बेरीबेरीचा माग काढत होते. त्यासाठी त्यांनी गिनी पिगना नुसत्या धान्यावर ठेवलं. बेरीबेरी झालाच नाही. त्याऐवजी हिरड्यांतून रक्त आलं, सांधे दुखू लागले: खलाशांचा दुसरा जुना वैरी, स्कर्व्ही. ताजी भाजी दिली की प्राणी सुधारत. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगानं पुढे क जीवनसत्त्वाच्या शोधाची वाट मोकळी केली. बहुतेक सस्तन प्राणी क जीवनसत्त्व शरीरातच तयार करतात. माणसाप्रमाणेच गिनी पिगलाही ते जमत नाही.

ऑपरेशननंतर ही गोष्ट ऐरणीवर येते, कारण जखम सांधणारं कोलॅजन हे प्रथिन क जीवनसत्त्वाशिवाय नीट तयार होत नाही. एरवी किलोमागे रोज १० ते ३० मिलिग्रॅम लागतं, आजारपणात त्यातलं वरचं प्रमाण धरतात. पाण्याच्या बाटलीत थेंब टाकण्याची पद्धत कुचकामी आहे. प्रकाश आणि हवेनं ते काही तासांतच निकामी होऊ लागतं, शिवाय चव बदलली म्हणून गिनी पिग पाणीच सोडतो. त्याऐवजी ठरलेली मात्रा सिरिंजनं थेट द्यावी. माणसांच्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये अ आणि ड जीवनसत्त्वही असतं आणि त्यांचा अतिरेक बाधतो. नुसतं ‘क’ हवं. स्वतः खाऊ लागल्यावर सिमला मिरचीचे तुकडे उत्तम. पेरूत ‘क’ भरपूर, पण साखरही असते, म्हणून एखादी छोटी फोड पुरे. खड्याचं ऑपरेशन झालं असेल, तर पालक आणि लसूणघास बेतानंच द्यावा. त्यांत कॅल्शियम अधिक, आणि हे खडे पुन्हा होण्यासाठी कुप्रसिद्ध आहेत.

ऊब, अंथरूण आणि जोडीदार

भुलीनंतर एवढ्याशा जिवाचं अंग झपाट्यानं गार पडतं. त्यात पोटावरचे केस भादरलेले. गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून पिंजऱ्याच्या एकाच बाजूला ठेवावी, म्हणजे नको असेल तेव्हा त्याला लांब सरकता येतं. पण हा थंड पठारावरचा प्राणी आहे. २७-२८ अंशांच्या पुढे त्याला उन्हाचा त्रास सुरू होतो. नागपूर-जळगावच्या मे महिन्यात ऑपरेशन करावंच लागलं, तर दवाखान्याची ये-जा सकाळी किंवा संध्याकाळी करावी. घरी पंखा वा कूलर चालेल, पण त्याचा झोत थेट अंगावर नको. लाकडाचा भुसा टाक्यांना चिकटतो, म्हणून काही दिवस स्वच्छ सुती टॉवेल किंवा फ्लीसचं कापड अंथरावं आणि ओलं झालं की लगेच बदलावं.

गळ्यात प्लास्टिकचा कोन घालण्याची कुत्र्यांची पद्धत इथे नडते. गिनी पिग स्वतःच्या मऊ लेंड्या थेट गुदद्वारातून उचलून पुन्हा खातो. ऐकायला विचित्र, पण सीकममधल्या जंतूंनी तयार केलेली ब जीवनसत्त्वं आणि प्रथिनं त्याला अशीच मिळतात. कोन घातला की हा मार्ग बंद होतो आणि तो बावरतोही. म्हणून अनुभवी डॉक्टर टाके कातडीच्या आतून घालणं पसंत करतात.

तो एकटा पडू नये, हेही उपचारातच येतं. स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून गिनी पिग एकटा पाळायला कायद्यानंच मनाई आहे. ऑपरेशननंतर जोडीदाराला दुसऱ्या खोलीत हलवण्याऐवजी मध्ये जाळी घालून शेजारी ठेवावं. एकमेकांचा वास आणि आवाज राहतो, टाक्यांना धक्का लागत नाही आणि लेंड्या कोणाच्या, हेही कळतं. शेजारी कुरकुर करत गवत खात असला की आजाऱ्याचंही तोंड हलायला लागतं, असा अनेक पाळणाऱ्यांचा अनुभव आहे.

टाके दिवसातून दोनदा, उजेडात पाहावेत. कड किंचित गुलाबी असणं ठीक. सूज वाढत चालली, पू आला, कातडी उघडी पडली, तर दवाखाना. सगळं सुरळीत असेल, तर दहा ते चौदा दिवसांत टाके काढले जातात किंवा आपोआप विरघळतात, वजन मूळ पदावर येतं आणि जाळी काढता येते.

नर-मादीच्या जोडीतल्या नराची नसबंदी झाली असेल, तर मात्र जाळी लगेच काढायची नाही. जखम भरली तरी नलिकांत उरलेल्या बीजामुळे तो काही आठवडे पिता होऊ शकतो, म्हणून डॉक्टर साधारण सहा आठवडे थांबायला सांगतात. मादीचा गरोदरपणाचा काळ ५९ ते ७२ दिवसांचा असतो. दोघं जाळीला नाक लावून बसतात म्हणून दया येऊन कोणी आधीच जाळी काढली, तर दोनेक महिन्यांनी केसाळ, उघड्या डोळ्यांची तीन-चार पिल्लं पिंजऱ्यात पळू लागतात.